नऊ फुटी मुद्देमाल

माझ्यावर जो अन्याय झाला तो आमच्या फ्रिजच्या दारावर झाला, आणि तोही निळ्या शाईत.

सकाळी दूध काढायला गेलो तर दारावर एक कागद चिकटवलेला. डावीकडे घरातली आणि इमारतीतली माणसं, उजवीकडे 'प्रकार'. अक्षर कन्येचं. ती नववीत आहे आणि दोन वर्षं झाली, महाकाय रोबोंच्या जपानी मालिका बघते. मी त्यांना कार्टून म्हणतो, ती "अ‍ॅनिमे, बाबा" म्हणून दुरुस्त करते आणि दोघंही आपापल्या जागी ठाम राहतो. या मालिकांत पाच मजली रोबो असतो, त्याच्या छातीत बसून एखादं पोरगं तो चालवतं आणि वीस मिनिटांत शहराची वाट लागते. कन्येचं संशोधन असं की मालिका कुठलीही घ्या, माणसं ठरलेलीच असतात. एक तापट, जो कुणाला न विचारता रोबोत चढतो. एक अबोल, जो एका भागात एकच वाक्य बोलतो, पण नेमकं तेच कामाचं असतं. एक कॅप्टन, हाताची घडी घालून आणि खिडकीकडे तोंड करून उभा. आणि एक मेकॅनिक, ज्याच्यावाचून कुणाचं पान हलत नाही.

कागदावर लिहिलं होतं, आई : मेकॅनिक. बरोबर, आमच्या मिक्सरपासून माझ्या चष्म्यापर्यंत सगळं तिनेच जोडलेलं आहे. तळमजल्यावरचे फौजदारकाका : कॅप्टन. हेही ठीक, निवृत्त झाले तरी ते अजून जिन्यात उभे राहून जाणाऱ्या-येणाऱ्यांची नोंद घेतात. सेक्रेटरी : राक्षस, दर रविवारी येतो. हे तर मी फ्रेम करून लावलं असतं. आणि सगळ्यात खाली, बाबा : अशक्य.

"अशक्य म्हणजे काय गं?" मी दुधाची पिशवी हातात धरूनच विचारलं.

"अरे बाबा, कंट्रोल रूममध्ये एक माणूस असतो ना, चष्मेवाला. तो खुर्चीवर बसून पडद्याकडे बघतो. राक्षसाने काही केलं की तो उठून म्हणतो, 'अशक्य! हे कसं शक्य आहे?' आणि परत बसतो."

"आणि मग?"

"मग काही नाही. तेवढंच काम असतं त्याला."

मी एका कार्यालयाच्या आवक-जावक विभागात बावीस वर्षं काढली आहेत. आलेल्या प्रत्येक कागदाला क्रमांक देणं आणि गेलेल्या प्रत्येक कागदाचा माग ठेवणं हे माझं काम. माझ्या हातून एकही कागद बिनक्रमांकाचा सुटलेला नाही आणि मी लिहून दिलेला शब्द कधी मोडलेला नाही. अशा माणसाचं अख्खं आयुष्य पोटच्या मुलीने तीन अक्षरांत गुंडाळावं? मला लागलं. उगाच मोठेपणाने 'हसून सोडून दिलं' वगैरे मी म्हणणार नाही. चांगलंच लागलं.

त्यातून त्याच आठवड्यात कन्येचं नाटक ठरलं. इमारतीच्या वार्षिक कार्यक्रमात तिला नाटक करायचं होतं, आणि समितीने तिला दोन वर्षं नकार दिला होता. या वर्षी वीस मिनिटं मिळाली. नाटक पोलिसांच्या रोबो पथकाचं होतं. अशी एक मालिका ती हल्ली बघत होती आणि खरं सांगायचं तर मीही दाराआडून बघत होतो. त्यातल्या रोबोंना गाड्यांसारख्या नंबर प्लेट असतात आणि एखादी भिंत पाडली की पोलीस आधी तीन प्रतींत अहवाल लिहितात. जगात कुठेतरी एक हिरो टेबलाशी बसून फॉर्म भरतो, हे बघून माझे डोळे पाणावले होते.

"बाबा, नाटकात अशक्यचं काम करशील?" कन्येने विचारलं. "दोनच वाक्यं आहेत."

"अजिबात नाही," मी म्हटलं. "मी रोबो बांधणार."

बायको कणीक मळता मळता थांबली. "तुम्ही?" एवढंच म्हणाली. या एका शब्दात आमच्या संसारातली सगळी डुगडुगती स्टुलं आली. पण माझं ठरलं होतं. नऊ फुटी रोबो, आत कन्या बसेल एवढा, आणि तोही कार्यक्रमाच्या रविवारी पाचच्या आत सभागृहात. पाचला रोबो नसेल तर तिची वीस मिनिटं सेक्रेटरींच्या मेहुण्याला जाणार होती. मेहुणे रेकॉर्डवर गातात. त्यांच्या गाण्याला सुरू व्हायची वेळ असते, संपायची नसते.

फ्रिजचे तीन खोके, वॉशिंग मशीनचे दोन आणि डिंकाचा एक डबा घेऊन मी पार्किंगमध्ये कामाला लागलो. पहिल्या दिवशी रोबोचा पाय माझ्या पँटला चिकटला. दुसऱ्या दिवशी सुटा झालेला पाय रोबोला चिकटेना. तिसऱ्या दिवशी बायको खाली आली, माझ्या हातातला ब्रश काढून घेतला आणि म्हणाली, "तुम्ही फक्त धरा." त्यानंतर तीन आठवडे मी धरत होतो. धरणं हेही बांधकामच आहे, हे लोकांच्या लक्षात येत नाही.

सल्ले द्यायला मात्र सगळे हजर. कुणी म्हणे डोकं लहान झालं, कुणी म्हणे चेहरा माझ्यासारखा झालाय. फौजदारकाका रोज टीव्हीवरच्या पोलिसी मालिका बघतात, आणि त्या आनंदासाठी नव्हे तर चुका काढण्यासाठी. त्यांची एक वही आहे. 'इन्स्पेक्टरने मृतदेहाला हात लावला, पंचनाम्याआधी' अशा नोंदींनी भरलेली. त्यांनी रोबोभोवती तीन फेऱ्या मारल्या.

"अहो शेजारी, हा पोलीस आहे ना? मग गणवेश कुठाय? छातीवर 'पोलीस' लिहा, ठसठशीत. नाहीतर लोक म्हणतील, आला कुणीतरी खोका."

लिहिलं. पांढऱ्या रंगात, दीड फुटी अक्षरांत. बायको म्हणाली, "कशाला ते?" पण निवृत्त का होईना, खात्याचा माणूस सांगतोय म्हटल्यावर मी ऐकलं.

मग रविवारचा राक्षस आला, म्हणजे सेक्रेटरी. पार्किंगमध्ये स्टिकर नसलेली वस्तू उभी करता येत नाही, असा नियम त्यांनी दाखवला. मी म्हटलं, नियम असेल तर पाळलाच पाहिजे, द्या फॉर्म. माझ्या या उत्तराने ते खचलेच. त्यांना भांडायचं होतं. शेवटी जाता जाता म्हणाले, "नाटकात मला काम नसेल तर सभागृहाची किल्ली मिळणार नाही. आणि काम मोठं पाहिजे." राक्षसाइतकं मोठं काम दुसरं नव्हतं, आणि त्यांना ते इतकं आवडलं की दुसऱ्या दिवशीपासून ते जिन्यात गुरगुरू लागले.

तो पार्किंगचा फॉर्म मी मन लावून भरला. खरं तर 'पुठ्ठ्याचे सामान' लिहून मोकळं होता आलं असतं. दुसऱ्या कुणीही तेच केलं असतं. पण रकाना होता 'वाहनाचा प्रकार' आणि खोटं लिहायची मला सवय नाही. त्यात बसून माणूस ते चालवणार, म्हणजे वाहन. छातीवर पोलीस, म्हणजे पोलिसांचं. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'पोलीस वाहन, पायी चालणारे'. चालक : कन्या. खाली सही, तारीख, जावक क्रमांक. स्टिकर रोबोच्या कपाळावर लागला आणि मला फार समाधान वाटलं.

कार्यक्रमाच्या रविवारी दुपारी बाराला रोबोला हातगाडीवर आडवं घालून आम्ही निघालो. सभागृह चार चौक पलीकडे. पुढे फौजदारकाका हात दाखवत, मागे मी फाइल घेऊन. कन्या आणि बायको आधीच सभागृहात गेल्या होत्या. तिसऱ्या चौकात वाहतूक पोलिसाने गाडी थांबवली. त्याने छातीवरची अक्षरं वाचली, मग माझ्याकडे बघितलं.

"हे काय आहे?"

इथे कुठल्याही शहाण्या माणसाने 'नाटकाचं सामान' म्हणून हसून पुढे जावं. मी फाइल उघडली. स्टिकरची प्रत, अर्ज, सेक्रेटरींचं ना हरकत पत्र, सगळं क्रमवार. त्याने शांतपणे वाचलं आणि त्याचा चेहरा गंभीर झाला.

"पोलीस वाहन म्हणून नोंद केलीय तुम्ही. खात्याची परवानगी?"

"अहो, पुठ्ठा आहे तो!"

"पुठ्ठा म्हणून सोडून दिलं असतं हो. पण तुम्ही तर लेखी दिलंय." माझं अक्षर इतकं सुवाच्य होतं की त्यावर काही बोलायला जागाच नव्हती. खाजगी वाहनावर पोलीस लिहिणं हा गुन्हा आहे, असं तो म्हणाला. मी फौजदारकाकांकडे बघितलं.

"हो, गुन्हा आहेच," काका मान डोलवत म्हणाले. "मी सांगितलं असतं की. तुम्ही विचारलंत कुठे?" एवढं बोलून कॅप्टनच्या भूमिकेची तयारी करायला ते सभागृहाकडे निघून गेले.

एक वाजता रोबो पोलीस ठाण्याच्या आवारात झाडाला टेकून उभा होता आणि मी आत बाकावर बसलो होतो. मी स्वतःशी शपथ घेतली की रोबो घेतल्याशिवाय इथून हलायचं नाही. घड्याळात चार तास होते. डोळ्यांसमोर मेहुणे घसा खाकरताना दिसत होते.

पंधरा मिनिटं बसल्यावर माझ्या लक्षात आलं की मी या सगळ्यांना ओळखतो. टेबलावर मूठ आपटून फोनवर बोलणारा तरुण उपनिरीक्षक, हा तापट. कोपऱ्यात मान खाली घालून रजिस्टर लिहिणारा हवालदार, हा अबोल. आणि आतल्या खोलीत हाताची घडी घालून, खिडकीकडे तोंड करून उभ्या असलेल्या इन्स्पेक्टरबाई. कन्येचा तक्ता माझ्यासमोर जिवंत झाला होता. तक्त्यानुसार तापटाशी बोलून उपयोग नसतो, तो तेराव्या भागात सुधारतो आणि माझ्याकडे तेरा भाग नव्हते. तरी त्यानेच मला बोलावलं.

"इंजिन नंबर?"

"नाही."

"चासी?"

"फ्रिजच्या खोक्याची आहे."

"थट्टा करता?" तो ओरडला. "जप्त! मुद्देमाल म्हणून जमा करा. पंधरा दिवसांनी या."

मी सरळ आतल्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिलो. खिडकीकडे तोंड केलेल्या कॅप्टनला आपण होऊन हाक मारायची नसते, वळेपर्यंत थांबायचं असतं, हे मला माहीत होतं. मी थांबलो. पाच मिनिटं गेली. दहा गेली. शहराच्या भवितव्याचा विचार चालला असावा, असं मला वाटलं. शेवटी बाई वळल्या आणि दचकल्या.

"केव्हापासून उभे आहात? हाक मारायची ना! मी बघत होते, त्या झाडावरची माकडं तुमच्या रोबोचं डोकं काढतायत की काय."

तक्ता इथे थोडा चुकला, पण बाई मात्र कन्येच्या कॅप्टनपेक्षा बऱ्या निघाल्या. मी त्यांना सगळं सांगितलं. फ्रिजचं दार, अशक्य, तीन आठवडे धरणं, पाच वाजता नाटक. त्या हसल्या नाहीत, हे त्यांचे माझ्यावर उपकार आहेत.

"कागदावर आलंय हो," त्या म्हणाल्या. "नोंद झाली. आता सोडायचं तरी कसं?"

तेव्हा कोपऱ्यातल्या अबोल हवालदाराने मान वर केली. "सुपूर्तनामा," तो म्हणाला आणि परत लिहू लागला. दिवसभरात तो तेवढंच बोलला.

सुपूर्तनामा म्हणजे जप्त वस्तू मालकाच्या ताब्यात तात्पुरती द्यायची आणि त्याने ती परत हजर करायचं लिहून द्यायचं. फॉर्म आला. मी पेन काढलं आणि बऱ्याच तासांनी मला माझ्या घरात आल्यासारखं वाटलं. 'अर्जदाराचा मुद्देमालाशी संबंध' या रकान्यात मी ऐटीत लिहिलं, 'निर्माता'. पुढे छापील मजकूर होता, 'सदर मुद्देमाल आहे त्याच स्थितीत, कोणतीही मोडतोड न होता, उद्या सकाळी अकरा वाजता हजर करीन.' सही ठोकली. बाई म्हणाल्या, "मी येते नाटकाला. मुद्देमालावर लक्ष ठेवायला."

रोबो सभागृहात पोचला तेव्हा पाचला दहा मिनिटं कमी होती. कन्या आत चढली, बायकोने पाठीचं झाकण बसवलं आणि तेवढ्यात मला आठवलं. नाटकाच्या शेवटी राक्षस रोबोचा डावा हात उपटतो, आणि रोबो उजव्या हाताने तोच हात उचलून राक्षसाला लोळवतो. नाटकाचा सगळा जीव त्या हातात होता. बायकोने तो हात तुटावा असाच बसवला होता.

मी रोबोच्या छातीतल्या फटीला तोंड लावलं. "ऐक, हात तोडायचा नाही."

"का? शेवट तोच आहे, बाबा."

"मोडतोड होणार नाही म्हणून मी सही करून दिलीय. इन्स्पेक्टरबाई पहिल्या रांगेत आहेत."

ती आतून म्हणाली, "बरं." चिडली असती तर मला चाललं असतं. पण त्या 'बरं'मध्ये राग नव्हता, आश्चर्यही नव्हतं. बाबा असंच करणार हे तिला माहीत होतं.

पडदा उघडला. रंगमंचाच्या कोपऱ्यात कंट्रोल रूम होती, म्हणजे एक टेबल, एक जुना मॉनिटर आणि एक खुर्ची. खुर्ची रिकामी होती. मी नकार दिल्यावर तिने ते काम दुसऱ्या कुणाला दिलंच नव्हतं. हे मला तेव्हा कळलं.

नाटक चाललं होतं. कॅप्टन झालेले फौजदारकाका संवाद विसरले आणि दर दोन मिनिटांनी "पंचनामा झाला का?" एवढंच विचारत राहिले. सेक्रेटरींनी मात्र कमाल केली. हिरव्या चादरीतून गुरगुरत आले आणि त्यांनी रोबोचा डावा हात धरला. इथे हात तुटायचा. रोबोने तो अंगाशी घट्ट आवळून धरला. राक्षस ओढतोय, रोबो सोडत नाही. अर्धं मिनिट, एक मिनिट. पुढच्या रांगेतली मुलं चुळबुळ करू लागली, कुणीतरी जांभई दिली, आणि विंगेत मेहुण्यांनी घसा साफ केला.

तो आवाज ऐकला आणि मी उठलो. बावीस वर्षांत लिहून दिलेला शब्द मोडला नव्हता, तो आता मोडायचा, हे मी पूर्ण शुद्धीवर ठरवलं. इन्स्पेक्टरबाईंना म्हटलं, "माफ करा." पायऱ्या चढून रंगमंचावर गेलो, त्या रिकाम्या खुर्चीवर बसलो आणि ओरडलो, "पायलट! हात सोड!"

बघा, हा संवाद कॅप्टनचा होता. मी कॅप्टन झालो होतो. छाती भरून आली होती. पुढचंही एक बाणेदार वाक्य माझ्या तोंडात तयार होतं.

पण रोबोने हात सोडला आणि सेक्रेटरींनी तो दोन्ही हातांनी उपटला. बायकोने बसवलेल्या बिजागरीच्या वर मी गुपचूप, मजबुतीसाठी, डिंकाचा थर दिला होता. त्यामुळे हात एकटा आला नाही. करकचून आवाज करत खांदा आला, खांद्याबरोबर अर्धी छाती आली, आणि 'पोलीस'मधलं 'लीस' घेऊन राक्षस उताणा पडला. माझे तीन आठवडे डोळ्यांदेखत फाटले. मी ताडकन उभा राहिलो आणि काळजातून ओरडलो,

"अशक्य! हे कसं शक्य आहे?"

आणि परत बसलो.

सभागृह डोक्यावर घेतलं लोकांनी. फाटक्या छातीतून कन्येचा घामाघूम चेहरा दिसत होता. तिने एकदा माझ्याकडे बघितलं, मग उजव्या हाताने तो तुटका हात उचलला आणि सेक्रेटरींना असा हाणला की इमारतीच्या सगळ्या सभासदांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मेहुण्यांचं गाणं त्या दिवशी झालं नाही.

नंतर विंगेत ती पुठ्ठ्याचे तुकडे केसांतून काढत होती. मी म्हटलं, "माझं अक्षर, माझी सही, सगळं गेलं. निदान तक्त्यातून तेवढं अशक्य तरी काढ."

"का काढू?" ती म्हणाली. "बाबा, आतून काही दिसत नाही रे. नुसता काळोख असतो आणि गरम होतं. बाहेरचं काहीच कळत नाही. कंट्रोल रूममधून जो आवाज येतो, तेवढाच ऐकू येतो."

मी तिच्या कानामागचा डिंक रुमालाने पुसत राहिलो.

दुसऱ्या दिवशी अकराला पाच कमी असताना मी ठाण्यात हजर होतो. हातगाडीवर रोबो, माझ्या काखेत त्याचा हात. इन्स्पेक्टरबाई आजही खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या, पण या वेळी मी हाक मारली. त्यांनी अबोल हवालदाराकडून रजिस्टर मागवलं आणि स्वतःच्या हाताने शेरा लिहिला : 'मुद्देमालाचा डावा हात कथानकाच्या गरजेनुसार तुटला. कारवाईची आवश्यकता नाही. उर्वरित अक्षरावरून हे पोलीस वाहन असल्याचे सिद्ध होत नाही.' मग परतीचा फॉर्म माझ्याकडे सरकवला.

फॉर्ममध्ये तोच रकाना होता, 'अर्जदाराचा मुद्देमालाशी संबंध'. तापट उपनिरीक्षक म्हणाला, "काल लिहिलंत तेच लिहा. निर्माता."

खोटं लिहायची मला सवय नाही. बांधला होता तो बायकोने, चालवला होता कन्येने. मी चष्मा पुसला आणि शक्य तितक्या सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'कंट्रोल रूम'.